खंदकामागचे दिवस

माझ्या आजोळी चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अशा पाट्या गावोगाव बसवल्या. कोकणात आणि सातारा भागात त्या आजही पाहायला मिळतात. मजकूर बहुतेक ठिकाणी सारखाच. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. एक आकडा गेलेल्यांचा, दुसरा न परतलेल्यांचा. मधल्या चार वर्षांचा हिशेब पाटीवर नाही.

आमच्या पाटीवरच्या पहिल्या आकड्यात माझ्या आजीचे थोरले काका आहेत. दुसऱ्यात ते नाहीत, कारण ते परत आले. खडकीच्या ‘सफरमैने’त, म्हणजे सॅपर्स अँड मायनर्सच्या पलटणीत, ते होते आणि फ्रान्सला जाऊन आले होते. गावात सगळे त्याला ‘जर्मनची लढाई’ म्हणत. पोरे भोवती जमून विचारायची, ‘‘काका, किती जर्मन मारले?’’ काका सांगायचे ते भलतेच. दारूच्या कारखान्यातल्या भल्यामोठ्या पिंपात दहा जणांनी मिळून केलेली आंघोळ. सदऱ्याच्या शिवणीतल्या उवा. रात्रीच्या अंधारात खांद्यावरून वाहिलेली काटेरी तारेची भेंडोळी. आणि एक म्हातारी, जी रोज सकाळी दूध घातलेले कडू काळे पाणी प्यायला द्यायची. बस्स, एवढेच. घरात त्यावरून एक विनोद रूढ झाला होता : काका जर्मनच्या लढाईला गेले आणि कपडे धुऊन आले! आजी हे सांगताना हसायची. लहानपणी मीही हसले आहे.

पुढे त्या युद्धातल्या हिंदी शिपायांविषयी वाचायला लागले, तेव्हा या विनोदाची मला हळूहळू लाज वाटू लागली. काका खोटे सांगत नव्हते, की काही लपवून किरकोळ तेवढेच पुढे करत नव्हते. शिपायाने युद्धातले दिवस मोजायला घेतले, तर त्यातले बहुतेक दिवस काकांनी सांगितले तसेच निघतात. युद्धाच्या इतिहासात लढाया असतात. शिपायाच्या आयुष्यात मुख्यतः लढायांच्या मधले दिवस असतात. ते दिवस कसे जात आणि त्यांना ‘विश्रांती’ का म्हणत, ते समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

एका वर्षाचा हिशेब

चार्ल्स कॅरिंग्टन नावाच्या एका तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१६ या आपल्या वर्षाचा हिशेब लिहून ठेवला आहे. त्या वर्षी सोमची भीषण लढाई झाली. तरीही अगदी पुढच्या खंदकात त्याचे दिवस गेले ६५. त्यामागच्या आधाराच्या खंदकांत ३६. गरज पडली तर चालत पुढे जाता येईल अशा राखीव जागांवर १२०. आणि आघाडीपासून दूर, ज्याला लष्करी भाषेत ‘रेस्ट’ म्हणत तिथे, ७३. उरलेले दिवस रजा, आजारपण, प्रशिक्षण आणि प्रवास यांत गेले. म्हणजे वर्षाच्या ३६६ दिवसांपैकी प्रत्यक्ष खंदकात तो १०१ दिवस होता. वर्षाचा तिसरा हिस्सासुद्धा नाही.

हे एकट्या कॅरिंग्टनचे भाग्य नव्हते. फ्रान्स आणि बेल्जियममधल्या पश्चिम आघाडीची रचनाच तशी होती. शत्रूसमोर पहिली रांग, तिच्या मागे काहीशे यार्डांवर दुसरी, त्यामागे मैल-दीड मैलावर राखीव फौज आणि आणखी काही मैल मागे, नेहमीच्या तोफांच्या टप्प्याबाहेरच्या गावांत विश्रांतीची ठिकाणे. पलटणी या चार जागांतून रहाटाच्या पोहऱ्यांसारख्या फिरत राहायच्या. काही दिवस पुढे, काही दिवस मागे. बदली नेहमी रात्री, बोलण्या-खोकण्यावरही बंदी.

यामागचे कारण दयाबुद्धीचे नव्हते. फ्लँडर्सच्या सखल मुलखात हातभर खणले की पाणी लागते. त्या पाण्यात उभे राहून, दिवसा लपून आणि रात्री जागून काढलेल्या काही दिवसांनी माणसाची नजर आणि कान काम देईनासे होतात. पहारेकरी उभ्या उभ्या झोपतो. अशा माणसांच्या भरवशावर आघाडी टिकत नाही. बंदुकीला तेल द्यावे, घोड्याला खरारा करावा, तसे शिपायाला ठरावीक दिवसांनी मागे आणावे लागे, ते पुन्हा पुढे पाठवता यावे म्हणून. ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढची बरीच कोडी सुटतात.

मागे आल्यावर

बदली झाली की रात्रीच पलटण मागे चालू लागे. ओल्या बुटांत पाय सुजलेले, पाठीवर ओझे, अंगावर चिखलाचा थर. चालता चालता माणसे झोपत आणि पुढच्याच्या पाठीवर आदळून जागी होत. मुक्काम एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यात, गवताच्या माळ्यावर, ओसाड कारखान्यात. खाली पेंढा मिळाला तर चैन. पहिला दिवस फक्त झोपेचा.

दुसऱ्या दिवशी हजेरी. मोठी चकमक झाली असेल, तर मागे येण्याचा खरा अर्थ या हजेरीत कळे. नाव पुकारले जाई आणि उत्तर येत नसे. जर्मन लेखक एरिक मारिया रेमार्क याच्या १९२९ सालच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या कादंबरीची सुरुवात मला यासाठीच फार खरी वाटते. युद्धावरची ती जगप्रसिद्ध कादंबरी लढाईने सुरू होत नाही; आघाडीमागे, जेवणाच्या रांगेत सुरू होते. आचाऱ्याने दीडशे माणसांचा स्वयंपाक करून ठेवलेला आहे आणि परत आले आहेत ऐंशी. म्हणून आज प्रत्येकाला दुप्पट वाटा. पोटभर जेवल्याचा आनंद आणि त्या आनंदाचे कारण, दोन्ही एकाच ताटात.

मग आंघोळ. काकांची ती गोष्ट आम्हाला सर्वांत अद्भुत वाटे, आणि ती अक्षरशः खरी होती. आघाडीमागच्या गावांतले बिअरचे कारखाने, रंगशाळा, धुलाईघरे लष्कराने ताब्यात घेतली होती, कारण मोठी पिंपे आणि पाणी तापवायची सोय तिथे तयार होती. शिपायांनी बाहेर कपडे उतरवायचे, आठ-दहा जणांनी एका पिंपात शिरायचे, काही मिनिटांत साबण लावून बाहेर यायचे. आतले कपडे धुतलेले मिळायचे. आपलेच मिळतील असे नाही, मापाचे मिळतील असेही नाही. बाहेरच्या गणवेशाच्या शिवणी गरम इस्त्रीने दाबून काढायच्या, कारण उवा आणि त्यांची अंडी तिथे असत. अशी आंघोळ दहा-पंधरा दिवसांतून एकदा मिळाली तर नशीब.

त्या उवांनी शिपायांना जेवढे पिडले, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने पिडले असेल. शिवणीतली सगळी अंडी इस्त्रीने मरत नसत. स्वच्छ होऊन आलेल्या माणसाच्या अंगाची ऊब मिळाली की काही तासांत उरलेली फुटत आणि खाज पुन्हा सुरू होई. म्हणून विश्रांतीच्या मुक्कामात संध्याकाळी ठरलेले दृश्य असे : सदरे काढून गोलाकार बसलेली माणसे, हातात मेणबत्ती, शिवणीवरून ज्योत अलगद फिरवायची, कापड जळू द्यायचे नाही. गप्पा होत त्या इथेच. ‘ट्रेंच फीवर’ या नावाने हजारो माणसांना अंथरुणावर पाडणारा ताप याच उवांमुळे पसरतो, हे सिद्ध व्हायला मात्र १९१८ साल उजाडावे लागले.

पगार मागच्या मुक्कामात वाटला जाई. ब्रिटिश शिपायाचे पाय तडक ‘एस्तामिने’कडे वळत. घराच्या पुढच्या खोलीत चार टेबले मांडून एखादी फ्रेंच बाई चालवी ती ही खाणावळ. अंडी, तळलेले बटाटे आणि हलकी पांढरी वाइन हा तिथला ठरलेला मेनू. याशिवाय फुटबॉलचे सामने, शिपायांनीच बसवलेली नाटुकली, फिरता सिनेमा, वाय.एम.सी.ए.च्या झोपड्यांत चहा आणि पत्रांसाठी कागद. बेल्जियममधल्या पॉपरिंग गावी डिसेंबर १९१५ मध्ये फिलिप क्लेटन या लष्करी धर्मोपदेशकाने उघडलेले ‘टॅल्बट हाउस’ प्रसिद्ध आहे. तिथे शिपाई आणि अधिकारी एकाच दाराने आत जात. हे विशेष वाटावे, कारण एरवी हुद्द्याची भिंत सगळीकडे होती. परवानाधारक वेश्यागृहांवर सुद्धा शिपायांसाठी लाल आणि अधिकाऱ्यांसाठी निळा असे वेगळे दिवे असत.

विश्रांती नावाची बिगार

एवढे वाचून हे दिवस सुखाचे होते असे कोणाला वाटेल. पण शिपायांच्या आठवणींत विश्रांतीबद्दल जितकी कुरकुर सापडते, तितकी कधी कधी खंदकाबद्दलही सापडत नाही.

कारण दिवस उजाडला की कवायत. चिखलाने माखलेली बटणे चकचकीत करा, पट्टे घासा, रांगेत उभे राहा, तपासणी द्या. संगिनीचा सराव, बाँबफेकीचा सराव, कूच. लष्कराचा युक्तिवाद असा, की रिकामा शिपाई बिघडतो आणि खंदकात सैल पडलेली शिस्त मागेच घट्ट करायला हवी. लहानसहान गुन्ह्यांच्या शिक्षाही इथेच होत. ‘फील्ड पनिशमेंट नंबर वन’ या शिक्षेत ब्रिटिश शिपायाला गाडीच्या चाकाला किंवा खांबाला दिवसातून दोन तासांपर्यंत बांधून ठेवत, सोबत्यांच्या देखत.

आणि रात्र झाली की हमाली. पुढच्या खंदकांना लागणारी प्रत्येक वस्तू माणसाच्या खांद्यावरून जायची. काटेरी तार, लोखंडी खुंट, फळ्या, वाळूच्या गोण्यांसाठी रिकामी पोती, पाण्याचे डबे, दारूगोळा. हे वाहून नेणार कोण? ‘विश्रांती’वर असलेल्या पलटणी. अंधारात चार-पाच मैल चालायचे, खंदकांच्या अरुंद वाटांतून तारेचे भेंडोळे न्यायचे, शत्रूने आकाशात प्रकाशगोळा सोडला की जागच्या जागी पुतळा व्हायचे, काम करायचे आणि पहाटेपूर्वी परतायचे. यातही माणसे मरत. सफरमैनेच्या लोकांना तर हे चक्र पायदळाइतकेही लागू नव्हते. राहायचे मागे आणि काम पुढे, असे त्यांचे रोजचे जगणे. काकांच्या खांद्यावरची ती भेंडोळी या रात्रींतली.

विश्रांती ही किती कळीची गोष्ट होती, ते १९१७ च्या उन्हाळ्यात फ्रेंच सेनेने दाखवून दिले. एप्रिलमधली जनरल निव्हेलची चढाई फसली आणि त्यानंतर डझनावारी फ्रेंच डिव्हिजनांत शिपायांनी पुन्हा चढाईवर जायला नकार दिला. शत्रूला वाट मोकळी करून देणारे हे बंड नव्हते. खंदक धरून ठेवायला बहुतेकांची तयारी होती. त्यांच्या मागण्यांत निष्फळ हल्ले थांबवा याच्या जोडीला रजा द्या, जेवण नीट द्या, खरी विश्रांती द्या, हे होते. नवा सेनापती पेतां याने काही पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या, हे खरे; पण त्याच वेळी रजेचे वेळापत्रक काटेकोर केले आणि स्वयंपाक व मागच्या छावण्या सुधारल्या. सैन्य तोफांवर चालते असे म्हणतात. त्या वर्षी ते रजेवर आणि गरम सूपवरही चालते, हे सेनापतींना मान्य करावे लागले.

हिंदी शिपाई मागे येतो तेव्हा

लाहोर डिव्हिजनची पहिली तुकडी २६ सप्टेंबर १९१४ ला मार्सेय बंदरात उतरली. मागोमाग मेरठ डिव्हिजन आली. अंगावर हिंदुस्थानातले सुती खाकी कपडे, समोर युरोपचा हिवाळा. ऑक्टोबर अखेरीस हे लोक खंदकांत होते. २८ ऑक्टोबरला नव्ह शापेल हे गाव परत घेण्यासाठी जो हल्ला झाला, त्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या सफरमैनेच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. पूल बांधणारी, सुरुंग लावणारी ही कसबी माणसे. पायदळ कमी पडले म्हणून त्यांना संगिनी लावून धाडले. गावातल्या घराघरांतून हातघाई झाली, गाव काही काळ हाती आले आणि गेले. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी ठार वा जखमी झाले. आमचे काका विसाव्या कंपनीत होते. त्या दिवसाबद्दल ते आयुष्यात एक शब्द बोलले नाहीत.

बेथ्यून, मेर्व्हिल, लिलेर या गावांच्या आसपास हिंदी पलटणींचे मागचे मुक्काम पडत. इथली विश्रांती ब्रिटिश शिपायाच्या विश्रांतीपेक्षा निराळी होती. एस्तामिनेतल्या अंडी-बटाट्यांनी त्यांचे भागणारे नव्हते. कणीक, डाळ, तूप, गूळ, हळद, मिरची, आले असा शिधा समुद्रापलीकडून येई. मांसासाठी बकरी जिवंत आणावी लागत, कारण शिखांना झटक्याचे हवे आणि मुसलमानांना हलाल. जातवार, धर्मवार चुली वेगळ्या. पोळ्या मागे भाजून पुढच्या खंदकांत पोचवल्या जात. लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘इंडियन सोल्जर्स फंड’ने गरम कपड्यांबरोबर शिखांचे कंगवे, केसांना तेल, मसाले, धर्मग्रंथ असल्या गोष्टी धाडल्या. अनोळखी मुलखात, बिअरच्या पिंपात नागव्याने आंघोळ करावी लागणाऱ्या माणसाला डोक्याला चोपडायला वाटीभर तेल मिळणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको.

पण मुख्य फरक रजेचा होता. ब्रिटिश शिपायाला रजा क्वचित मिळे, तरी मिळण्याची आशा असे. खाडी ओलांडली की घर. महिना ११ रुपये पगारावर आलेल्या हिंदी शिपायाचे घर समुद्रपार हजारो मैलांवर. त्यातून जखमी झालेल्यांना इंग्लंडमधल्या ब्राइटनसारख्या ठिकाणी इस्पितळात नेत, उत्तम बरे करत आणि पुन्हा आघाडीवर पाठवत. एकदा रक्त सांडले, आता घरी सोडा, अशी शिपायांची साधी अपेक्षा होती. ती पुरी होईना, तेव्हा ‘बरे होणे’ या गोष्टीचीच भीती वाटू लागली. मी वर म्हटले की विश्रांती ही पुढे पाठवण्याची तयारी असते. हिंदी शिपायाला ते सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट कळले.

पत्रे

हे कळले कशावरून? त्यांच्या पत्रांवरून. मार्च १९१५ पर्यंत फ्रान्समधले हिंदी शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहीत होते. त्यातले बहुतेक निरक्षर. मागच्या मुक्कामात, कोणी लिहिता-वाचता येणारा सोबती गाठून, चार जणांच्या देखत पत्र सांगायचे. आलेले पत्रही असेच मोठ्याने वाचले जाई. लिहिण्याला निवांतपणा लागतो. तो मागेच होता. म्हणून या युद्धातला हिंदी शिपायाचा जो काही आवाज आज आपल्याकडे आहे, तो बराचसा विश्रांतीच्या दिवसांतला आवाज आहे.

आणि तो आपल्यापर्यंत आला आहे एका विचित्र वाटेने. बंडखोर मजकूर शिरू नये म्हणून सरकारने पत्रे तपासणारी कचेरी काढली. इव्हलिन हॉवेल हा मुलकी सेवेतला अधिकारी तिचा प्रमुख. कचेरीत निवडक पत्रांतले उतारे इंग्रजीत करून अहवालाला जोडत. मूळ पत्रे गेली, पण हे अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत राहिले. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ साली त्यांतला मोठा संग्रह संपादित करून छापला. त्यात पंजाबी मुसलमान आणि शीख यांची पत्रे सर्वाधिक आहेत. हे उतारे वाचताना भान ठेवावे लागते. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, निवडणारा तिसरा, भाषांतर करणारा चौथा. आणि आपले पत्र साहेब वाचतो, हे सांगणाऱ्याला ठाऊक. म्हणून शिपाई सांकेतिक लिहीत. काळी मिरी संपत आली, लाल मिरची अजून शिल्लक आहे, अशा अर्थाचे वाक्य कुटुंबाला स्वयंपाकघराचे वाटे. त्यातली काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे. हॉवेलच्या लोकांनाही ते कळत होते.

या पत्रांत लढाईचे वर्णन थोडके आहे. शेताचा वाद कुठवर आला, बैल विकला का, मुलीचे लग्न कधी, पैसे पोचले का, हे जास्त. आणि नवल वाटते ते त्या परक्या गावांबद्दलच्या निरीक्षणाचे. इथल्या बाया पुरुष लढाईवर गेल्यावर नांगर धरतात; इथली लहान मुलगीही लिहू-वाचू शकते; तेव्हा आपल्या मुलींना शाळेत घाला, असे सांगणारी पत्रे त्यांत आहेत. खंदकातून फ्रान्स दिसत नव्हता, चिखल दिसत होता. गोठ्याच्या माळ्यावर राहणाऱ्या माणसाला खालचे घर दिसले.

एका पंजाबी मुसलमान शिपायाचे जानेवारी १९१६ मधले पत्र तर मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. ज्या घरी त्याचा मुक्काम होता, तिथे एकटी म्हातारी राहत होती. तिचे तीन मुलगे युद्धावर. एक मेलेला, एक जखमी, एक खंदकात. तिने तीन महिने या परक्या, परधर्मी पोराचे कपडे धुतले, अंथरूण घातले, बूट पुसले, रोज सकाळी पाव-लोणी आणि दूध-कॉफीचा तबक आणून दिला. त्याने काही मागितले नव्हते. तो निघाला तेव्हा ती त्याच्या खांद्यावर डोके ठेवून रडली आणि वाटखर्चाला पाच फ्रँकची नोट हातात कोंबू लागली.

हे वाचले आणि मी हातातले पुस्तक खाली ठेवले. दूध घातलेले कडू काळे पाणी. काकांची म्हातारी वेगळी असणार, गावही वेगळे असणार. पण तशा म्हाताऱ्या आघाडीमागच्या गावागावांत होत्या, आणि त्यांचे मुलगेही कुठेतरी दुसऱ्या कोणाच्या गोठ्यात निजत होते.

जिथे मागे जायला जागा नव्हती

मराठी वाचकाने यापुढे आणखी एक पाऊल टाकायला हवे. १९१५ संपता संपता हिंदी पायदळ फ्रान्समधून हलवले गेले. घोडदळ १९१८ पर्यंत राहिले. मराठा पलटणींची खरी कहाणी फ्रान्समध्ये घडलेलीच नाही. ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये घडली. जनरल टाउन्शेंडच्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत या गावात ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी त्यांना वेढा घातला, तो २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनेच संपला.

कूतमध्ये पलटणी पुढच्या खंदकातून मागे येतही होत्या. पण मागे म्हणजे काय, तर नदीच्या तीन बाजूंनी वेढलेले तेच गाव, त्याच तोफांखाली. तिथे धुलाईघर नव्हते, डाक नव्हती, म्हातारी नव्हती. शिधा आठवड्या-आठवड्याने कमी होत गेला. घोडी आणि खेचरे मारून खायची वेळ आली, तेव्हा हिंदी शिपायांनी बराच काळ ते मांस शिवले नाही. हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांच्या संमतीचे संदेश मागवावे लागले. ताज्या भाजीवाचून स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या. शेवटी सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली आणि त्यातली हजारो पुढच्या पायपिटीत व तुर्की छावण्यांत मेली.

कूत वाचल्यावर विश्रांतीकडे पाहण्याची माझी नजर पुन्हा बदलली. फ्रान्समधली ती विश्रांती खोटी होती, हमालीची होती, परत पाठवण्यासाठी दिलेली होती, हे सगळे खरेच. तरी तिच्यात पंधरा दिवसांतून एकदा गरम पाणी होते, पत्र सांगायला एक संध्याकाळ होती, कोणाच्या तरी स्वयंपाकघराचा उजेड होता. लष्कराने ती यंत्राला तेल द्यावे तशी दिली. माणसांनी ती माणूस राहण्यासाठी वापरली.

नव्ह शापेलला आज एक गोलाकार स्मारक आहे. हर्बर्ट बेकर या वास्तुकाराने रचलेले आणि १९२७ साली खुले झालेले. ज्यांना कबर मिळाली नाही अशा ४७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे त्याच्या भिंतीवर आहेत. तिथे नावे आहेत, आमच्या चावडीत आकडे आहेत. दोन्ही मेलेल्यांचा हिशेब चोख ठेवतात.

काका १९५० च्या दशकात वारले. आजी सांगायची, त्यांची एक सवय शेवटपर्यंत सुटली नाही. धुतलेला सदरा वाळून आला की अंगात घालण्याआधी ते उन्हात बसत, तो उलटा करत आणि अंगठ्याचे नख शिवणीवरून सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत. घरात त्याचेही हसू व्हायचे. काही सापडत नसेच. मग ते सदरा झटकून अंगात घालत आणि म्हणत, ‘‘चला, स्वच्छ आहे.’’